जुन्या घाटाची नवी गिटार घ्यायची आहे: टेली, स्ट्रॅट की लेस पॉल?

सांजसूर

नमस्कार मंडळी. राहायला गोव्यात डिचोलीत. चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) नवी इलेक्ट्रिक गिटार हातात असावी असा बेत आहे आणि तीन नावांवर येऊन गाडी अडली आहे. तिन्ही जुन्या घाटाच्या, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातल्या मॉडेलांच्या आजच्या आवृत्त्या. स्क्वायर (फेंडर कंपनीचा स्वस्तातला ब्रँड) क्लासिक व्हाइबमधली फिफ्टीज टेलिकास्टर, म्हणजे टेली, त्याच मालिकेतली सिक्स्टीज स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, आणि एपिफोनची लेस पॉल स्टँडर्ड फिफ्टीज.

काय वाजवतो ते सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. जत्रांच्या मोसमात ऑर्केस्ट्रा. शनिवार-रविवार कळंगूटला हॉटेलात दोघांचा कार्यक्रम, एक गायक आणि मी. आणि ज्यात माझा खरा जीव आहे ते म्हणजे गिटारवर नाट्यपदं आणि अभंग. घरात पेटी होती, वडील भजनात गायचे, त्यामुळे सूर तिथून आले. चौथी तार मोकळी सोडून पांढरी दोनचा (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, पाश्चात्य डी) षड्ज धरून ठेवतो आणि वरच्या दोन तारांवर मींड घेतो, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जातो. गायकही बहुतेक वेळा पांढरी दोनलाच असतो, त्यामुळे हे जमून जातं.

बजेट ६०-७० हजारांचं. कारण पटलं तर थोडं वर जाईन. या गिटारींच्या नावात जुनं दशक असतं, पण त्यात नेमकं जुनं काय असतं आणि ते माझ्या कामाचं किती, हे कळत नाही. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. तो धरून सांगा.

म्हापशे

स्ट्रॅट घ्या, बाकी विचार करू नका. पाच जागांचा स्विच, तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक आणि कॉइल), हॉटेलात जे मागतील ते वाजतं. वजनाला बरी, बसून-उभं राहून दोन्हीकडे अंगाला लागून बसते. आणि आवाजाचा नॉब करंगळीखाली येतो. तो बंद ठेवून तार छेडायची आणि मग हळूच उघडायचा, सूर सारंगीसारखा उमलत येतो. अभंगाला हे फार शोभतं. लेस पॉलवर नॉब लांब पडतो, करंगळी पोचत नाही.

जुनी_तार

सांजसूर, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण बहुतेक लोक रंग आणि दशक बघून घेतात. मी फोंड्याला गिटार दुरुस्तीचं काम करतो, तिन्ही जातींच्या गिटारी माझ्या टेबलावर येतात. जरा सविस्तर लिहितो.

टेली १९५०ची. दोन पिकअपची ही गिटार आधी ब्रॉडकास्टर नावाने आली. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम बाजारात होते, त्यांनी हरकत घेतली, काही महिने हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) नुसतं फेंडर छापलं गेलं आणि १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव पक्कं झालं. स्ट्रॅट १९५४ची. लेस पॉल १९५२ची, पण लेस पॉल म्हटल्यावर जो भरदार आवाज डोक्यात येतो तो हमबकर, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, आणि ते तिच्यावर आले १९५७ मध्ये. त्याआधी तिच्यावर पी-नाइन्टी हे एकेरी कॉइलचे पिकअप होते. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि त्यानंतरचा माल उतरत गेला असं वादकांचं मत पडलं. म्हणून त्याआधीच्या गिटारींचा भाव चढला. शेवटी १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच १९५२ची टेली आणि १९५७ व १९६२ची स्ट्रॅट पुन्हा जुन्या मापाने बनवायला घेतली. तुम्ही बघताय त्या गिटारी त्याच परंपरेतल्या, स्वस्तातल्या.

आता मुद्द्याचं. जुन्या फेंडरचा फ्रेटबोर्ड (बोटं फिरतात ती पट्टी) आडवा चांगलाच गोल असे, रेडियस (गोलाईची त्रिज्या, जितकी कमी तितका बोर्ड गोल) सव्वासात इंच. फ्रेट (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बुटके आणि बारीक. कॉर्ड धरायला हा नेक (गिटारीचा दांडा) लोण्यासारखा. पण बाराव्या फ्रेटच्या वर पहिली तार दोन-तीन स्वर ओढली की ती गोलाईवरून चढत पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. शुद्ध गंधारावरून पंचमापर्यंत मींड घेताना तीन अर्धस्वर ओढावे लागतात. तिथे सव्वासातच्या रेडियसवर तारा उंच ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. बुटक्या फ्रेटवर बोटाला तारेखाली पकडही कमी मिळते.

क्लासिक व्हाइबमध्ये कंपनीने हे जुनं माप सोडून दिलंय. रेडियस साडेनऊ, फ्रेट अरुंद पण उंच. लेस पॉलचा रेडियस बारा इंच, म्हणजे आणखी सपाट. तुमच्या वाजवण्याला या दोन्ही चालतील. वर्षाबरहुकूम, अगदी मूळ मापाच्या महाग गिटारी तुमच्यासाठी उलट अडचणीच्या ठरतील. पैसे जास्त मोजून मींड अवघड करून घेण्यासारखं होईल ते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: ट्रस रॉडचा नट कुठे आहे ते बघा. नेकच्या आत जो लोखंडी दांडा असतो तो घट्ट-सैल करून नेकचा बाक ठरवतात. जुन्या फेंडरमध्ये त्याचा नट नेकच्या बुडाशी असे. तिथे पोचायचं तर तारा सैल करा, मागचे चार स्क्रू सोडवा, नेक उचला, पाव फेरा द्या, परत बसवा, सुरात आणा आणि मग कळणार की पाव फेरा पुरला की नाही. नाही पुरला तर पुन्हा पहिल्यापासून. कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं याची गरज पडत नसेल. आपल्याकडे जूनमध्ये हवा बदलली की लाकूड ओलावा घेतं, डिसेंबरात सोडतं, आणि नेक दोन्ही वेळा हलतो. कुठल्या बाजूला हलेल ते प्रत्येक नेकचं वेगळं. गोव्यात गिटारीला वर्षातून दोनदा तरी हात लावावा लागतो. क्लासिक व्हाइबमध्ये हा नट हेडस्टॉकच्या बाजूने आहे, पाना घालायचा आणि फिरवायचा. एपिफोनमध्येही हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली. फेंडरच्या महाग मालिकांत, म्हणजे व्हिंटेरा आणि त्यावरच्या अमेरिकन व्हिंटेजमध्ये मात्र जुन्या पद्धतीने बुडाशी. घाटाशी इमान म्हणून ते ठीक, पण आपल्या हवेत मी हेडस्टॉकचाच नट निवडेन.

सुरंगी

जुनी तार दादा, छान समजावलंत. मी मडगावची, लग्नांत वाजवते. दोन गोष्टी घालते.

नेकची जाडी. पन्नासच्या सुरुवातीच्या टेलीचा नेक जाडजूड, १९५६-५७च्या सुमाराला मागून व्हीसारखा निमुळता, साठच्या दशकात सी आकाराचा आणि पातळ, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते मूळ गिटारींना लागू. क्लासिक व्हाइबमध्ये फिफ्टीज घ्या की सिक्स्टीज, नेक सी आकाराचाच. एपिफोनमध्ये मात्र नाव खरं आहे: फिफ्टीजचा नेक गोल आणि भरीव, सिक्स्टीजचा सडपातळ. माझा हात लहान, मला फिफ्टीजच्या नेकवर अंगठा वरून आणून मींड घेता येत नाही. तुमचा हात मोठा असेल तर भरीव नेकवर बोटं उलट कमी दुखतील.

आणि वजन. लेस पॉल चार किलोच्या आसपास किंवा वर जाते. रोसपासून (ख्रिस्ती लग्नाआधीचा नारळाच्या रसाचा विधी) टोस्टपर्यंत आणि मग नाच संपेपर्यंत ती खांद्यावर घेऊन बघा. दुकानात पाच मिनिटं उचलून हे कळत नाही.

खमाज

मी लेस पॉलच्या बाजूने बोलतो, कारण सगळे तिला बाजूला सारताहेत.

मींडीला लागतो तो टिकून राहणारा सूर. चिकटवलेला नेक, जाड महोगनी, हमबकर. सूर ओढून वर नेला की वरच्या जागीही तो जिवंत असतो, मध्येच विरत नाही. दुसरं, तारेची लांबी. फेंडरची साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीस. त्याच जाडीची तार त्याच सुरात लेस पॉलवर सैल लागते, म्हणून बोटाला कमी जोर. नाट्यपदात एका मींडीत चार जागा दाखवायच्या असतात तिथे हा फरक थेट कानाला कळतो.

आणि तिसरं, सांजसूर तुम्ही स्वतःच लिहिलंय: जत्रा. जत्रेच्या स्टेजवर जनरेटर, लायटिंगचे डिमर, एका वायरवर सतरा बोर्ड. सिंगल कॉइल, म्हणजे टेली-स्ट्रॅटवरचा एकेरी कॉइलचा पिकअप तिथे भुंग्यासारखा गुणगुणत राहतो. हमबकर गप्प असतो.

मांडवीकाठ

खमाज यांच्या गुणगुणीच्या मुद्द्याला माझी पुरवणी, मी वीज आणि साउंडच्या कामातला.

आपल्या विजेचं स्पंदन सेकंदाला ५० वेळा. पिकअपमध्ये शिरणारी गुणगुण ५०ची आणि तिच्या पटीतल्या १००ची. पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्य जी, त्या पट्टीत ९८ला असते. म्हणजे ही गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर बसते, पूर्ण सुरात नाही आणि पूर्ण बाहेरही नाही. पांढरी दोनचा षड्ज धरला तर पांढरी पाच हा तुमचा मध्यम. शांत आलापात ही चढी मध्यमाची रेघ सतत मागे ऐकू येते, कान सुरात असलेल्या माणसाला ती फारच टोचते. अमेरिकेत वीज ६०ची, तिथली गुणगुण वेगळ्या जागी. त्यामुळे परदेशी व्हिडिओत ऐकून अंदाज घेऊ नका.

उपाय दोन. स्टेजवर अर्थिंग नीट आहे का ते आधी तपासून घ्या. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर गिटारीचं अर्थिंग जागेवर आहे आणि उरलेली गुणगुण बाहेरून येतेय. दुसरं, जिथे दोन सिंगल कॉइल एकत्र वाजतात आणि त्यातला एक उलट गुंडाळलेला असतो, तिथे दोघांची गुणगुण एकमेकांना मारते आणि ते हमबकरसारखे शांत होतात. मूळ जुन्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला नसे. मूळ टेलीत तर १९६७ पर्यंत मधल्या जागेवर दोन्ही पिकअप एकत्र वाजतच नसत. आजच्या आवृत्तीत काय आहे ते कागदावर वाचण्यापेक्षा दुकानात ट्यूबलाइटखाली उभं राहून बघा. ॲम्पचा आवाज वाढवा, स्विच एकेका जागेवर न्या. ज्या जागेवर गुणगुण एकदम पडते, ती जत्रेची जागा.

सांजसूर

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

एक निरीक्षण. मित्राची स्ट्रॅट वाजवून बघितली, ट्रेमोलोवाली (दांडीने सूर हलवायची सोय असलेली). चौथी मोकळी ठेवून दुसऱ्या तारेवर मींड घेतली तर खालचा षड्जच उतरल्यासारखा वाटतो. तार तीच, ट्यूनरवर सूर बरोबर, पण मींड घेतानाच उतरतो आणि सोडली की जागेवर येतो. गिटारीत काही बिघाड आहे का?

जुनी_तार

बिघाड काही नाही, आणि तुमच्या सगळ्या निवडीचं उत्तर याच प्रश्नात आहे.

स्ट्रॅटचा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो भाग) सहा स्क्रूंच्या धारेवर टेकलेला असतो आणि मागून स्प्रिंग त्याला धरून ठेवतात. एका बाजूला सहा तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगचा. तुम्ही एक तार ओढली की एकूण ताण वाढतो, ब्रिज केसभर पुढे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा सैल होतात. पाश्चात्य सोलो वाजवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण तेव्हा बाकी तारा वाजतच नसतात. तुमचा तर षड्जच मोकळ्या तारेवर आहे. मींड जितकी मोठी तितका षड्ज खाली. तानपुरा मींडीबरोबर हलायला लागला तर गाणं कसं उभं राहणार?

म्हापशे म्हणतात त्या स्ट्रॅटच्या गुणांबद्दल दुमत नाही. नॉब करंगळीखाली येणं हे खरंच मोठं सुख आहे. मागचे स्प्रिंग वाढवून, किंवा पोकळीत लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जागेवर बसवता येतो, पुष्कळ वादक तसं करतात. पण ज्याला ट्रेमोलो वापरायचाच नाही त्याने तो विकत घेऊन मग बंद का करावा?

म्हणजे उरल्या दोन, टेली आणि लेस पॉल. दोन्हींचा ब्रिज पक्का. खमाज यांचं म्हणणं आवाजाच्या बाबतीत मला शंभर टक्के मान्य. पण सांजसूर, तुम्ही डिचोलीहून कळंगूटला जाता कशाने? स्कूटरवर पाठीला बॅग लावून जात असाल तर लेस पॉल घेण्याआधी थांबा. तिचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, आणि नेमका जिथे तो वळतो तिथेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि उताणी पडली, तरी तिथे तडा जातो. माझ्या टेबलावर मोडका हेडस्टॉक घेऊन येणाऱ्यांत याच जातीच्या गिटारी जास्त. जोडता येतो, चांगला जोडला तर टिकतोही, पण पुढे विकायला गेलात की किंमत पडते. फेंडरचा हेडस्टॉक सरळ, नेक चार स्क्रूंवर. अगदीच वाईट झालं तर नेक बदलता येतो. चारचाकीने, कडक केसमध्ये नेणार असाल तर ही हरकत मी मागे घेतो.

टेलीचीही एक खोड सांगून ठेवतो. जुन्या घाटाचा ब्रिज तीन सॅडलचा (सॅडल म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा), दोन तारांना एक सॅडल. मुळात ते पितळी असत. दोन तारांची लांबी एकाच सॅडलवर ठरवायची म्हणजे तडजोड आलीच, वरच्या फ्रेटवर कुठली तरी एक तार किंचित चढी किंवा उतरी राहते. पेटीवर कान तयार झालेल्या माणसाला हे कळतं. तिरपे कापलेले सॅडल मिळतात, ते बसवले की फरक नगण्य होतो. सॅडल बदलणं दहा मिनिटांचं काम.

सॅडलचाच विषय निघालाय तर समुद्राकाठी वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी. सॅडलची उंची ठरवणारे बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतात ना, ते पोलादी. तळहाताचा घाम आणि खारी हवा लागून ते आतल्या आत गंजतात आणि आट्यांत जाम होतात. एक दिवस उंची बदलायला जाता, पाना स्क्रूच्या खाचेत फिरतो, खाच गोल होते आणि मग ड्रिल मारून काढण्यावाचून इलाज नाही. गिटार नवी असतानाच प्रत्येक स्क्रू एकदा बाहेर काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आट्यांवर फिरवा, परत बसवा. पावसाळ्याआधी पुन्हा. कळंगूट, कांदोळी, बाणावली या पट्ट्यात वाजवणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये.

पाणंद

व्हिंटेराबद्दल जुनी तार यांनी लिहिलं, पण एक बाजू राहिली. ती मेक्सिकोत बनते, किंमत क्लासिक व्हाइबच्या दुपटीला जाते. पिकअप आणि हार्डवेअर उजवं आहे, हे वाजवल्यावर कळतं. ज्याला जुना सव्वासातचा नेकच हवा, कॉर्ड आणि ऱ्हिदम वाजवायचं आहे, त्याच्यासाठी ती उत्तम. सांजसूर, तुमच्यासाठी नाही, हे पटतं.

नायट्रो फिनिशचा मोह कुणाला असेल तर लिहून ठेवतो. अमेरिकन व्हिंटेज मालिकेत जुन्यासारखं नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. पातळ, म्हातारं होतं तसं देखणं होतं. पण आपल्या उकाड्यात ते चिकट लागतं, आणि स्टँडच्या रबराशी त्याचं पटत नाही. रबर टेकलं तिथे डाग किंवा खड्डा. थंडगार एसीतून एकदम बाहेर आणलं तर बारीक तडेही जातात. क्लासिक व्हाइबचं पॉलीयुरेथेन जाडसर, पण ओलावा आत जाऊ देत नाही. मॅपलच्या फ्रेटबोर्डावरही तेच लॅकर असतं, त्यामुळे फिफ्टीज टेलीच्या मॅपल बोर्डाला पावसाळ्यात तेल-पाणी काही लागत नाही, कोरड्या फडक्याने पुसला की झालं.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. क्लासिक व्हाइबच्या गडद फ्रेटबोर्डावर इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं. तो म्हणजे ऐन, गोव्यात आपण ज्याला मट्टी म्हणतो तो, आपला राज्यवृक्ष. महागड्या गिटारीवरचं इंडियन रोजवूड म्हणजे शिसम, तेही सह्याद्रीतलं. २०१७ मध्ये जगभरच्या सगळ्या रोजवूडच्या व्यापारावर परवान्याची अट आली आणि गिटार कंपन्या दुसरी लाकडं शोधू लागल्या. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. स्वस्त गिटारीवर मात्र लॉरेल टिकून राहिलं. रोजवूड नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सत्तरी तालुक्यात जाऊन मट्टीचं लाकूड काय ताकदीचं असतं ते बघावं. घरांच्या तुळया आहेत त्याच्या.

सुरंगी

पाणंद, मट्टीचं मला माहीत नव्हतं! माझ्या स्ट्रॅटचा बोर्ड तोच आहे.

ठेवण्याबद्दल माझं सांगते. पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नये, बाहेरची भिंत तर ओल धरते. केसमध्ये सिलिका जेल, रंग बदलणारं, म्हणजे भरलं की कळतं आणि तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. केसचं अस्तर आठवड्यातून एकदा उघडून वाऱ्याला ठेवायचं, नाहीतर बुरशीचा वास गिटारीला लागतो. चामडी पट्टा केसमध्ये ठेवूच नका, बुरशी तिथून सुरू होते.

हॉटेलात वाजवणाऱ्यांसाठी: एसी हॉलमधून बाहेर लॉनवर गिटार आणली की तारांवर आणि पिकअपच्या चुंबकांवर दव धरतं, गार ग्लासावर धरतं तसंच. बंद केस बाहेर आणून अर्धा तास तशीच ठेवायची, मग उघडायची. तारांचं आयुष्य वाढतं.

सांजसूर

पणजीला जाऊन आलो. तिन्ही एकाच ठिकाणी नव्हत्या, दोन दुकानं करावी लागली. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी एकेक करून बघितल्या.

लेस पॉल हातात घेतल्यावर खमाज काय म्हणतात ते कळलं. मींड तशीच धरून ठेवली तर सूर किती वेळ उभा राहतो! पण जाणं-येणं स्कूटरवरच आहे, आणि तासाभराने खांदा बोलायला लागला. स्ट्रॅटवर षड्ज उतरतोच, नव्या गिटारीवरही तेच.

टेलीवर चौथी मोकळी ठेवली, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर गंधार-पंचम, पंचम-धैवत सगळं करून बघितलं. षड्ज जागचा हलला नाही. स्विच मधल्या जागेवर नेला तेव्हा ट्यूबलाइटखाली गुणगुण झपकन पडली, मांडवीकाठ म्हणाले तसंच. एका दुकानातल्या टेलीचा नेक भलताच बाक घेतलेला होता आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारा खडखडत होत्या. मालक म्हणाले वाजवून वाजवून बसेल. ती सोडली. दुसरीकडची घेतली, फिफ्टीज, मॅपल बोर्ड.

आता एकच खटकतंय. तिसरी तार बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजते. छेडण्याचा जोर तोच, तरी ती पुढे येते. आणि तारा कुठल्या लावू?

म्हापशे

अभिनंदन! टेलीवर नॉब फार लांब नाही, करंगळीची सवय होईल. नॉब हळूच उघडून सूर सारंगीसारखा उमलवणं सोडू नका.

जुनी_तार

अभिनंदन, सांजसूर. आणि बाक घेतलेली सोडलीत ते उत्तम केलंत. वाजवून नेक सरळ होत नाही.

तिसऱ्या तारेचं कारण जुन्या घाटातच आहे. पिकअपवर सहा चुंबक दिसतात ना, त्यांची उंची सारखी आहे का बघा. पन्नासच्या दशकात तिसरी तार गुंडाळलेली यायची, तिचा आवाज दबका, म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच ठेवत. आज तिसरी तार साधी असते, तिचा आवाज मुळातच मोठा, आणि जुन्या नमुन्याच्या पिकअपवर तिला उंच चुंबकही मिळतो. चुंबक दाबून खाली करायला जाऊ नका. तो कॉइलच्या तारेला लागून असतो, आत तार तुटली की पिकअप गेला. त्याऐवजी पिकअपच जाड तारांच्या बाजूने किंचित वर आणि बारीक तारांच्या बाजूने किंचित खाली करा, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, ऐकत ऐकत. उंची सारखीच असेल तर मग पिकअप एकूणच तारांच्या फार जवळ आहे, दोन्ही बाजूंनी थोडा खाली घ्या. सुरात फार ओढलेल्या तारेला चुंबक जवळ असेल तर सूर थरथरतोही, त्यामुळे मींडवाल्याने पिकअप जरा लांबच ठेवावा.

तारा नऊ-बेचाळीसच्या घ्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). दहा-सेहेचाळीसने आवाज भरतो, पण साडेपंचवीस इंचावर तीन अर्धस्वरांची मींड रात्रभर घ्यायची तर बोटं जातील. कोटिंगवाल्या तारा महाग वाटतात, मात्र पावसाळ्यात साध्या तारांच्या मानाने कितीतरी जास्त टिकतात. उन्हाळ्यात साध्या चालतील. वाजवून झालं की तारा खालून-वरून पुसायच्या, हा खर्च शून्य.

तारा बदलल्या की बाक तपासा. पहिल्या फ्रेटला एक बोट, नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटला दुसरं बोट, सहावी तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. पाव मिलिमीटर हवी, एखादं साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर नट उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. बाक जमला की मगच तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि मींड घेऊन बघा. सूर मरत असेल तर बारीक तारांकडचा सॅडल थोडा वर.

तिरपे सॅडल हवे असतील तर फोंड्याला या, बसवून देतो. चवथीच्या आधी या, त्यानंतर माझ्याकडे घुमटाची (गोव्यातलं मातीच्या भांड्याचं चर्मवाद्य) कातडी आणि पेट्यांचे भाते यांचीच गर्दी असते.

खमाज

टेलीवर अभंग. रेकॉर्ड केलात की इथेच टाका, ऐकायचंय. आणि पहिल्या पावसाळ्यात नेक किती हलला तेही लिहा. मॅपल बोर्डाचा गोव्यातला अनुभव लिहिणारे कमी आहेत.